आमदार कोणाचा?



मागे एकदा एका खेड्यात बैठकीसाठी जाण्याचा योग आला. देवळापुढच्या पारावर चाळीस-पन्नास मंडळी जमली होती. शाळेचे गुरुजी होते, सोसायटीचे चेअरमन होते, दूध घालून परतलेली चार तरुण पोरे होती. माझे बोलणे संपल्यावर नेहमीप्रमाणे विचारले, "कुणाला काही शंका?" तेव्हा अगदी मागे, भिंतीला टेकून बसलेले एक आजोबा उठले आणि म्हणाले, "सायेब, येकच सांगा. म्या मत दिलं ते मानसाला का चिन्हाला? मानसाला म्हनावं, तर त्यो म्हनतो पक्ष सांगंल तसाच हात वर करनार. चिन्हाला म्हनावं, तर त्यो चिन्ह सोडून पलीकडं गेला अन् माझं मत बी संगं घिऊन गेला. मंग माझ्यापाशी ऱ्हायलं काय?"

मंडळी हसली. मीही हसलो आणि वेळ मारून नेली. पण घरी परतताना तो प्रश्न काही पाठ सोडीना. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात "लोक आपले प्रतिनिधी निवडून देतात" एवढेच एक वाक्य असते. ते खोटे नाही, पण आजोबांच्या प्रश्नाला ते पुरत नाही. आज त्या प्रश्नाचा थोडा खुलासा करावा असे मनात आहे.

प्रथम चिन्हाचे पाहू. १९५१-५२ साली देशात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, तेव्हा बहुसंख्य मतदारांना अक्षरओळख नव्हती. म्हणून प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवली गेली आणि पेटीवर त्याचे चिन्ह लावले गेले. काँग्रेसची बैलजोडी त्या वेळची. मतदाराने आत जावे आणि आपल्या चिन्हाच्या पेटीत कागद टाकावा. पुढे एकच मतपत्रिका आली, शिक्का आला, मग यंत्र आले. आता यंत्रावर उमेदवाराचे नाव असते, छायाचित्र असते आणि शेजारी चिन्ह. नाव माणसाचे आणि चिन्ह पक्षाचे. दोन्ही एकाच ओळीत, आणि बटण मात्र एकच! आजोबांच्या प्रश्नाचे मूळ त्या एका ओळीत आहे.

कायद्याने पाहिले तर निवडून येतो तो माणूस. प्रमाणपत्र त्याच्या नावाचे, शपथ त्याने घ्यावयाची. आपली राज्यघटना १९५० साली अमलात आली, तेव्हा राजकीय पक्षांना तिने काही स्थान दिलेले नव्हते. ते मिळाले १९८५ साली. कसे, ते पुढे येईलच. व्यवहार मात्र पहिल्या दिवसापासून पक्षांचाच होता, आणि तो तसा असण्याला कारणही आहे.

महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ सभासद असतात. बहुमताला १४५ लागतात. आता कल्पना करा, २८८ जण स्वतंत्र आहेत आणि प्रत्येक जण दर ठरावाला आपल्या मनाप्रमाणे मत देतो आहे. आज अंदाजपत्रक मंजूर, उद्या नामंजूर. मुख्यमंत्री सोमवारी एक, गुरुवारी दुसरा. पूर्वी काळ्या रानात मोठा नांगर धरायचा तर तीन-तीन, चार-चार बैलजोड्या जुंपाव्या लागत. एक जोडी बांधाकडे आणि दुसरी ओढ्याकडे ओढू लागली तर तास सरळ निघेल का? पक्ष हे ते जू आहे. ज्याला राज्य चालवावयाचे आहे त्याला ते टाळता येत नाही, आणि मतदारालाही त्याचा उपयोग आहे. उमेदवाराला तुम्ही ओळखत नसाल, पण त्याच्या पक्षाचे म्हणणे काय हे तुम्हांला साधारण ठाऊक असते.

पक्षाच्या सभासदांना मतदानाच्या वेळी सभागृहात हजर ठेवणारा एक पुढारी असतो. त्याला मराठीत आपण प्रतोद म्हणतो. प्रतोद म्हणजे बैल हाकण्याची पराणी! इंग्रजांनी आपला शब्द शिकारी कुत्र्यांना कळपात राखणाऱ्या माणसावरून घेतला. आपण तो शेतातून घेतला, एवढाच फरक. प्रतोद जो आदेश काढतो तो पक्षादेश, म्हणजे वर्तमानपत्रांतला 'व्हिप'.

पण पराणी असूनही बैल जू टाकून जाऊ लागले तेव्हा काय झाले? १९६७ सालची निवडणूक झाली आणि अनेक राज्यांत काठावरची बहुमते आली. हरियाणात गयालाल नावाच्या आमदारांनी पंधरवड्यात तीन वेळा पक्ष बदलला आणि त्यांच्यावरूनच 'आयाराम गयाराम' हा शब्द देशभर झाला. त्याच वर्षीच्या लोकसभेच्या ठरावानुसार एक समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते त्या वेळचे गृहमंत्री, आपले यशवंतराव चव्हाण. समितीने १९६९ साली अहवाल दिला. त्यातला एक आकडा मी मुद्दाम सांगतो. पक्ष बदललेल्या २१० आमदारांपैकी ११६ जण मंत्री झाले होते. मतपरिवर्तन कशाने होत होते ते या आकड्यावरून कळते.

तरीही कायदा व्हायला १९८५ साल उजाडले. घटनेची बावन्नावी दुरुस्ती झाली, दहावे परिशिष्ट जोडले गेले आणि त्यातून राजकीय पक्ष घटनेत आला. नियम साधारण असा आहे. पक्षाच्या चिन्हावर निवडून आलेल्या सभासदाने आपण होऊन पक्ष सोडला, तर त्याचे सभासदत्व जाते. पक्षादेश मोडून त्याने मत दिले किंवा तो गैरहजर राहिला, आणि पक्षाने पंधरा दिवसांत ते माफ केले नाही, तरीही जाते. अपक्ष म्हणून निवडून येऊन नंतर पक्षात शिरला, तर त्याचेही जाते. जिल्हा परिषदा, पंचायत समित्या आणि नगरपालिकांसाठी आपल्या राज्याने १९८६ साली असाच कायदा केला. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, म्हणून तेथे हा प्रश्न या रूपाने येत नाही. तेथे पॅनेल असते, आणि पॅनेलमधून फुटणाऱ्याला रोज त्याच गल्लीतून जावे लागते. ती शिक्षा काही कमी नाही.

आता तुम्ही म्हणाल, झाले की मग! पळवाट बंद झाली. पण श्रोतेहो, येथेच खरी मेख आहे.

मूळ कायद्यात एक सोय ठेवली होती. पक्षाचे एकतृतीयांश आमदार मिळून फुटले तर ती 'फूट' समजावी आणि कोणाचे सभासदत्व जाऊ नये. म्हणजे एकटा गेला तर अपराधी, घोळक्याने गेला तर निर्दोष. त्यामुळे फुटणे थांबले नाही, ते ठोक भावाने होऊ लागले. २००३ साली एक्याण्णवाव्या दुरुस्तीने ही सोय काढून टाकली. मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या पंधरा टक्क्यांपुरती बांधली, म्हणजे आपल्याकडे मुख्यमंत्री धरून त्रेचाळीसच्या वर नाही. पक्षांतरामुळे अपात्र ठरलेल्याला पुन्हा निवडून येईपर्यंत किंवा मुदत संपेपर्यंत मंत्री करता येणार नाही, असेही ठरले. पण दोनतृतीयांश आमदारांच्या संमतीने पक्ष दुसऱ्या पक्षात विलीन होण्याची वाट उघडी राहिली.

दुसरे, अपात्र ठरवणार कोण? विधानसभेचे अध्यक्ष. ते स्वतः कोणत्या तरी पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेले असतात. त्यांचा निर्णय न्यायालयात तपासता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली सांगितले. पण अध्यक्षांनी निर्णयच दिला नाही तर? कित्येक अर्ज वर्षानुवर्षे पडून राहिले. २०२० साली मणिपूरच्या एका प्रकरणात न्यायालयाला म्हणावे लागले, की साधारणपणे तीन महिन्यांत निकाल लावावा. २०२२ साली आपल्या राज्यात शिवसेनेत जे घडले त्यावरचा निकाल ११ मे २०२३ रोजी आला. त्यात एक मुद्दा स्पष्ट झाला, की प्रतोद नेमण्याचा अधिकार मूळ राजकीय पक्षाचा आहे, निवडून आलेल्या आमदारांच्या गटाचा नाही. मुद्दा लहान वाटतो, पण नीट पाहा. पराणी कोणाच्या हातात, हाच तो वाद.

या साऱ्यात मतदार कोठे आहे? कायद्याने पक्षाला आपल्या आमदाराविरुद्ध हत्यार दिले, आमदारांच्या मोठ्या घोळक्याला पक्षाविरुद्ध वाट दिली, आणि निवाडा अध्यक्षांच्या हाती ठेवला. ज्याने बटण दाबले त्याला यात कोणीच काही विचारीत नाही. आमदाराला मध्येच परत बोलावण्याचा अधिकार आपल्या कायद्यात मतदाराला नाही.

उलट, प्रामाणिक आमदाराचीही कोंडी झाली. समजा, एखादे विधेयक त्याच्या तालुक्याच्या मुळावर येणारे आहे. पक्षादेश निघाला की त्याला हात वर करावाच लागतो, नाही तर घरी बसावे लागते. वास्तविक १९९२ च्या त्याच निकालात न्यायालयाने म्हटले होते, की सभासदत्व घालवणारा पक्षादेश सरकारवरील विश्वास-अविश्वासाच्या ठरावापुरता किंवा पक्षाच्या मूळ धोरणाच्या प्रश्नापुरता असावा. ही मर्यादा पाळली जाते असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

एडमंड बर्क याने १७७४ साली इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या मतदारांना तोंडावर सांगितले होते, की मी तुमचा हुकूम वाहणारा नोकर नाही, माझी विवेकबुद्धी मी तुमच्या सेवेला लावणार. १७८० साली ब्रिस्टलकरांनी त्याला पुन्हा पाठवले नाही, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. आपल्याकडे चिंतामणराव देशमुख कुलाब्यातून लोकसभेवर गेले होते आणि केंद्रात अर्थमंत्री होते. मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचा निर्णय झाला, तेव्हा १९५६ साली त्यांनी अर्थमंत्रिपद सोडले. जू मानेवरून काढले आणि बाजूला झाले. दुसऱ्याच्या जुवाखाली मान दिली नाही. पक्षाशी मतभेद आणि पक्षांतर या दोन गोष्टी निराळ्या आहेत. कायदा मात्र दोहोंना एकाच पराणीने टोचतो.

मग व्यवहारात तुमच्या हाती काय? गुरुजींनी विशेष लक्ष द्यावे असा भाग आता येतो.

पक्षादेश लागतो तो मतदानाला. सभागृहातली पुष्कळशी कामे मतदानाची नसतात. आमदाराने तारांकित प्रश्न विचारला, लक्षवेधी सूचना दिली, समितीत बसून खात्याच्या खर्चाचा हिशेब मागितला, तर तेथे सहसा कोणी पराणी घेऊन उभे नसते. तुमच्या रस्त्याबद्दल, पाझर तलावाबद्दल, शाळेच्या रिकाम्या जागांबद्दल आमदाराने प्रश्न विचारला नसेल, तर "पक्षाने अडवले" ही सबब तेथे चालणार नाही. दुसरी जागा म्हणजे पक्षाची स्वतःची बैठक. विधेयक सभागृहात येण्यापूर्वी तेथे बोलता येते, भांडता येते. तेथे तो काय बोलला हे त्याला गावात विचारावे. खरे सांगेलच असे नाही. पण विचारणारे आहेत हे कळले तरी पुढच्या खेपेला तो तोंड उघडील.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. विधेयके बहुधा आवाजी मतदानाने मंजूर होतात. अध्यक्ष विचारतात, अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी 'नाही' म्हणावे. आवाजाच्या अंदाजाने निर्णय जाहीर होतो आणि कोण कोणत्या बाजूने होते याची नोंद राहत नाही. मतविभागणी मागितली तरच मते मोजली जातात आणि कोणाचे मत कोठे पडले हे कागदावर येते. तेव्हा "अमुक कायद्याला मी विरोध केला होता" असे कोणी सभेत सांगू लागला, तर त्याला एवढेच विचारावे, "मतविभागणी झाली होती का? तुम्ही मागितली होती का?" सभागृहाची कार्यवाही छापली जाते. कोण काय बोलले ते तीत शब्दशः असते. शाळेतल्या मोठ्या मुलांना आपल्या आमदाराच्या नावाची पाने त्यातून काढायला सांगा. पुस्तकातल्या धड्यापेक्षा तो तास अधिक रंगेल, आणि पाने थोडी निघाली तर तेही मुलांना कळेल.

त्या गावी पुन्हा गेलो तर आजोबांना मी सांगणार आहे, की बाबा, मत तुम्ही दोघांनाही दिले, माणसालाही आणि चिन्हालाही. आणि ते दोघे पुढे आपसांत भांडले की मिटले, याची खबर तुम्हांला द्यावी असे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही. ते यावर काय म्हणतील याचा अंदाज आहे. "मंग लिवा की!" म्हणतील.