चौकटीच्या टोकाचा माणूस

संस्थेच्या वार्षिक समारंभात सर्वांचा एकत्र फोटो काढावयाचा असतो, आणि खोली अपुरी पडते. पाठीशी भिंत आल्यामुळे छायाचित्रकाराला आणखी मागे सरता येत नाही. मग तो विस्तृतकोनी भिंग लावतो. मंडळी चौकटीत मावतात खरी. परंतु टोकाला उभ्या असलेल्या गृहस्थाचा चेहरा फुगलेला दिसतो. हा अनुभव श्रोत्यांपैकी अनेकांना असेल. दोष बहुधा भिंगाला दिला जातो. हा आरोप तपासून पाहण्याजोगा आहे.

पस्तीस मिलिमीटर फिल्मवरील चौकट ३६ मि.मी. रुंद असते. २४ मि.मी. नाभीय अंतराच्या भिंगाने टिपलेला, डाव्या किंवा उजव्या कडेजवळचा चेंडू गोल राहत नाही. त्याची रुंदी उंचीच्या जवळजवळ सव्वापट होते. ५० मि.मी.च्या नेहमीच्या भिंगात ही वाढ सहा टक्क्यांच्या आसपास असते, म्हणून ती डोळ्यांत भरत नाही. यात काचेची घडण सदोष नसते. सरळ रेषा सरळच राहिल्या पाहिजेत, अशी अट घालून सपाट फिल्मवर दृश्य उतरविले, की कडेच्या वस्तू ताणल्या जाणारच. खांब ताठ हवेत, तर चेहऱ्यांची गोलाई सोडावी लागते. तेच चित्र दसपट मोठे करून, एक डोळा मिटून, मध्यासमोर २४ सें.मी.वरून पाहिले, तर ताण नाहीसा होतो. पण भिंतीवरचा फोटो असा कोण पाहतो!

कडेला प्रकाशही कमी पडतो. बर्लिनच्या गोर्ट्झ कंपनीसाठी एमिल फोन ह्योग यांनी १९०० मध्ये रचलेले ‘हायपरगॉन’ भिंग सुमारे १३५ अंशांचा कोन व्यापत असे; त्याच्या कडेला मध्याच्या जेमतेम पन्नासावा हिस्सा प्रकाश पोहोचे. त्यावरील तोड मोठी गमतीची होती. भिंगासमोर ताऱ्याच्या आकाराची एक चकती बसविलेली असे. रबरी फुगा दाबून वाऱ्याच्या झोताने ती फिरविली, की मध्यावरचा प्रकाश अडे. कडांना पुरेसा प्रकाश मिळाला, की चकती बाजूला सारीत.

प्रकाशाची तूट अशी भरून काढता आली. चेहऱ्याला मात्र अशी चकती नाही. त्यात सामूहिक फोटोची बैठक पाहावी: अध्यक्ष मध्यावर, शिपाई टोकाला. ताण कोणाच्या वाट्याला येतो, हे सांगावयास नको. जाणता छायाचित्रकार एकाच्या तीन रांगा करतो आणि दोन्ही कडा रिकाम्या भिंतीला देतो.