कळसूबाई उंच की साल्हेर?



इंग्रजीच्या शिक्षकांच्या संमेलनात अध्यक्षाने भाषाधोरणावर बोलावं असा प्रघात आहे. मी मात्र एकाच धड्यावर बोलणार आहे: विशेषणांची तुलना, म्हणजे आपल्या फळ्यावरचं ‘डिग्रीज ऑफ कम्पॅरिझन’. या धड्यात मुलांना मराठी आड येते, असं आपण मानतो. माझं मत उलट आहे. मराठीची मदत आपण घेत नाही, म्हणून मुलं अडखळतात.

‘राम इज टॉल दॅन श्याम’ असं मुलगा लिहितो. लाल रेघ ओढण्याआधी त्याच्या मनातलं वाक्य बघा: ‘राम श्यामपेक्षा उंच आहे.’ इथे ‘उंच’ जसाच्या तसा आहे. तुलनेचा सगळा भार ‘पेक्षा’ने उचलला आहे. मुलाने त्याच्या जागी ‘दॅन’ आणला आणि काम झालं असं त्याला वाटलं. ‘मोअर बेटर’चंही तेच, ‘अधिक चांगला’मधला ‘अधिक’ तो इमानाने इंग्रजीत नेतो. विशेषणालाच प्रत्यय लागणं त्याला अगदी परकंही नाही. ‘उच्चतर’, ‘उच्चतम’ हे संस्कृतातून आलेले शब्द त्याने पुस्तकात वाचलेले असतात. तिथून ‘हायर’, ‘हायेस्ट’कडे जाणं किती सोपं आहे!

दुहेरी रूपांबद्दल तर मुलांना रागवूच नये. शेक्सपिअरच्या ‘ज्युलियस सीझर’मध्ये ‘मोस्ट’ आणि ‘एस्ट’ एकाच विशेषणाला लागलेले आढळतात. पुढे 1762मध्ये रॉबर्ट लोथ यांच्या व्याकरणाने अशी रूपं अशुद्ध ठरवली. तरी ‘लेसर’ टिकलाच. ‘निअर’ हेसुद्धा मुळात तुलनेचंच रूप. त्यावर पुन्हा ‘निअरर’ चढलं.

‘अर’ लावायचा की ‘मोअर’, हे कानाने शिकवावं. ‘स्ट्रेट’च्या स्पेलिंगमध्ये आठ अक्षरं असली तरी सिलॅबल एकच, म्हणून ‘स्ट्रेटर’. ‘मॉडर्न’ला सहाच अक्षरं, पण सिलॅबल दोन, आणि तिथे ‘मोअर मॉडर्न’. दोन सिलॅबलच्या शब्दांत मात्र एकच नियम चालत नाही: ‘हॅपी’चं ‘हॅपिअर’ होतं, ‘क्लेव्हर’ला दोन्ही चालतात. हे मुलांना सरळ सांगावं.

खरी गोडी पुढे आहे. फळ्यावर दोन आकडे लिहा: कळसूबाई 1646 मीटर, साल्हेर 1567 मीटर. ‘कळसूबाई इज हायर दॅन साल्हेर’ हे वाक्य कुणीही सांगेल. मग विचारा, ‘साल्हेर इज द हायेस्ट’ म्हणता येईल का? वर्ग एका सुरात नाही म्हणेल. त्यापुढे ‘फोर्ट इन महाराष्ट्र’ एवढे शब्द जोडा आणि वाक्य खरं होतं, कारण शिखरांत दुसरा असलेला साल्हेर किल्ल्यांमध्ये पहिला आहे. सर्वांत उंच, पण कशांमध्ये? हा प्रश्न मुलाला पडला की ‘इन’ आणि ‘ऑफ’ पाठ करावे लागत नाहीत. ‘एनी अदर पीक’मधला ‘अदर’ही तसाच कळतो, तो गाळला तर कळसूबाई स्वतःपेक्षाच उंच ठरते.

दुपारी प्रश्नपत्रिकांवर चर्चा आहे. ‘चेंज द डिग्री’ या प्रश्नात तिन्ही वाक्यांचा अर्थ एकच राहतो, असं आपण वर्षानुवर्षं सांगत आलो. पण ‘वन ऑफ द हायेस्ट पीक्स’ आणि ‘हायर दॅन मोस्ट अदर पीक्स’ यांचा अर्थ एक नाही. शंभरांत चाळिसावं असलेलं शिखर दुसऱ्या वाक्यात बसतं, पहिल्यात नाही. पेपर काढणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की वाक्यं उलटसुलट करायला देण्याऐवजी उंचीचा, अंतरांचा किंवा बाजारभावाचा छोटा तक्ता द्यावा आणि त्यावरून मुलांना स्वतःची वाक्यं लिहू द्यावीत. त्यात ‘दॅन’ला आणि ‘अदर’ला स्वतंत्र गुण ठेवता येतील का, हे दुपारच्या सत्रात ठरवू या.