जलरंग, यंत्र आणि आपली वास्तू



जलरंगात वास्तू रंगवायच्या, आणि त्याही संगणकावर, पाण्याचा थेंबही न वापरता, असा आजचा विषय आहे. वैशाखातल्या नागपुरात पाणी वाचविण्याची ही युक्ती बरी, असे आपल्यापैकी कोणी मनात म्हणालेही असेल!

प्रथम खऱ्या जलरंगाचे पाहू. त्यात पांढरा रंग सहसा वापरीत नाहीत. कोरा कागद हाच उजेड. सिव्हिल लाइन्समधील उच्च न्यायालयाची इमारत घ्या. हेन्री मेड या वास्तुविशारदाने योजलेली ही वालुकाश्माची वास्तू १९४० साली खुली झाली. तिच्या घुमटावरचे सकाळचे ऊन चित्रात हवे असेल, तर तेवढा कागद पहिल्यापासून राखावा लागतो. मागचे आकाश ओल्या रंगाने एका दमात भरायचे. पण आपल्याकडील उन्हात ब्रश पाण्यात बुडवून परत येईतो कागद वाळतो आणि नको तेथे रंगाची कड उमटते. उजेड कोठे राहणार, हे हात उचलण्यापूर्वीच ठरलेले असावे लागते.

यंत्र हे कसे साधते? १९९७ साली अमेरिकेत कॅसिडी कर्टिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकीय जलरंगावर एक निबंध सादर केला. त्यांनी तीन थर कल्पिले: वर वाहणारे पाणी, मध्ये कागदावर बसणारे व सुटणारे रंगकण, आणि खाली कागदात शोषली जाणारी ओल. या तिन्हींचे गणित मांडले, तेव्हा गडद कडा आणि एकमेकांत झिरपणारे रंग पडद्यावर उमटले. त्यांनी नुसत्या रंगाची नक्कल केली नाही, पाण्याच्या वागणुकीची केली!

मग उणे काय? यंत्रात ओल हवी तितकी टिकते, पांढरा मागाहून टाकता येतो, चूक एका बोटाने मागे घेता येते. ही सोय वाईट, असे आमचे म्हणणे नाही. पण चूक पुसता येते म्हटले की डोळा आळसावतो.

आमचेच सांगतो. महालातील एका जुन्या वाड्याचे चित्र आम्ही घरी बसून, छायाचित्रावरून, टॅब्लेटवर काढले. दर्शनी ओसरीचे एक टोक कडुनिंबाआड होते. तेथे आम्ही सावलीचा निळा रंग सोडून दिला. चित्राची वाहवा झाली. पुढे वाडा पडला. त्या घरातील एक आजी चित्र पाहून म्हणाल्या, "छान आहे हो, पण आमचा कडेचा खांब कुठे गेला?" खांब काढणे क्षणाचे काम होते. पण त्याची नक्षी आता कोणत्या लाकडावर पाहायची? चित्रातली चूक मागे घेता येते. पडलेली वास्तू परत येत नाही.

म्हणून यंत्र अवश्य घ्यावे, पण ते घेऊन वाड्यासमोर बसावे. खांब मोजावेत, तुळईची टोके पाहावीत, घरच्या वडीलधाऱ्यांना विचारावे. मग रंग खुशाल झिरपू द्यावा. चित्राखाली गल्ली आणि साल मात्र लिहावे.

उद्या सकाळी, ऊन चढण्यापूर्वी, महालातून एक फेरी मारावी आणि एखाद्या तरी जुन्या दारासमोर थांबावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.