नवी डिस्क घ्यावी काय?



जवळा बाजारच्या मोंढ्यातील आमच्या हमालांची हजेरी आणि मजुरीचा हिशेब युनियनच्या जुन्या संगणकात आहे. मजुरीचा तंटा पडला, तर १९६९ चा माथाडी कायदा आहे खरा. पण कोणी किती पोती वाहिली हे दाखविल्यावाचून भांडावे कशाच्या बळावर?

त्या संगणकाची फिरती डिस्क कुरकुरू लागली. पोरे म्हणाली, "मामा, नवी एसएसडी निघाली आहे, सेकंदाला १०,००० मेगाबाइट!" वर्गणी हमालांची, म्हणून मी आधी यंत्र उघडविले. आत जुनी साटा जोडणी. सेकंदाला ६०० मेगाबाइटच तिची धाव. नवी पट्टी तिथे बसतच नाही. अरुंद बोळात मालमोटार कशाला न्यावी?

एसएसडीत चाक नाही. विद्युत्कण इवल्या कप्प्यांत कोंडतात, आणि प्रत्येक लिहिण्याने कप्पा झिजतो. एका कप्प्यात चार बिट कोंबले की माल स्वस्त पडतो, पण तीन बिटांच्या मानाने लवकर झिजतो. म्हणून हमीच्या कागदावर टीबीडब्ल्यूचा आकडा, म्हणजे किती टेराबाइट लिहिता येईल, तो वाचावा. शिवाय एसएसडी मरताना कुरकुरत नाही. बहुधा एकाएकीच जाते.

आम्ही साटाच्या साध्या दोन घेतल्या. एक यंत्रात; दुसरीवर दर शनिवारी नक्कल करून ती खजिनदाराच्या घरी ठेवतो. पोरे अजून नाराज आहेत.