चर्चासत्रात गुरुजींनी बोलावं, आईनंही



यवतमाळची बरीच महाविद्यालयं संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी जोडलेली आहेत.


तिथल्या चर्चासत्रात संशोधक निबंध वाचतात.
मग प्रश्न येतात.
खरी रंगत तिथेच!

आता आपल्या कोलाम आदिवासींच्या पोडांचं, म्हणजे वस्त्यांचं बघा.
झरी जामणी, मारेगाव, केळापूर तालुक्यांतल्या...
घरी लेकरू कोलामी बोलतं.
शाळेत पुस्तक मराठी.
कोलामी ही द्राविडी भाषा.
ती मराठीपेक्षा गोंडीला जवळची.
लेकरू गप्प बसलं,
म्हणजे ते ‘ढ’ नव्हे.

हे वर्गातल्या गुरुजींना ठाऊक असतं.
पोडावरच्या आईलाही.
म्हणून चर्चासत्रात त्यांनीही बोलावं.
पुन्हा सांगते,
त्यांनीही बोलावं.

जवळच्या महाविद्यालयात विचारा,
पुढचं चर्चासत्र कधी?
आम्ही आलो तर चालेल ना?