लालबागेचा कातळ आणि सागरातील तेल

बंगळूरुच्या लालबागेत एक विस्तीर्ण, उघडा कातळ आहे. त्याच्या माथ्यावर केंपेगौडांच्या नावाने ओळखला जाणारा मनोरा उभा आहे. सकाळी फिरावयास येणारी मंडळी त्या कातळावर घटकाभर टेकतात. परंतु ज्याच्या मांडीवर आपण विसावलो, त्याचे वय सुमारे तीनशे कोटी वर्षे आहे, याची कल्पना त्यांतील थोड्यांनाच असते. भूवैज्ञानिकांनी या कातळाला राष्ट्रीय स्मारकाचा मान दिला आहे.

या शहरात पाण्यासाठी शेकडो मीटर खोल विंधनविहिरी घेतल्या जातात. खडकाला फट असेल तर पाणी लागते, नसेल तर नुसती कोरडी भुकटी वर येते. मग एखाद्याच्या मनात येते, की असेच आणखी दोन-चार किलोमीटर खाली गेले, तर तेल का लागू नये? पृथ्वीच्या पोटात तेलाची तळी भरलेली आहेत, अशी समजूत अनेकांची असते.

वस्तुतः तळे असे कोठेच नाही. वाळूच्या ढिगात पाणी मुरावे, तसे तेल खडकाच्या सूक्ष्म छिद्रांत मुरलेले असते. त्याचा जन्म होतो तो उथळ समुद्राच्या वा सरोवराच्या तळाशी साचलेल्या चिखलात. सूक्ष्म जीव व वनस्पती यांचे अवशेष त्या चिखलात गाडले जातात. थरांवर थर चढतात आणि चिखल खाली खाली दाबला जातो. उष्णता साधारणपणे 60 ते 150 अंश सेल्सिअसच्या दरम्यान पोहोचली, की त्या अवशेषांचे तेल होते. उष्णता त्याहून कमी पडली तर तेल होत नाही. फार वाढली तर तेलाचा वायू होतो. तयार झालेले तेल पाण्याहून हलके, म्हणून ते वर सरकू लागते. वाटेत सच्छिद्र खडकाचा घुमट आणि त्यावर अभेद्य थराचे झाकण भेटले, तरच ते अडून साठते. यातील एक गोष्ट उणी असली, तरी सारे व्यर्थ.

महाराष्ट्राच्या पश्चिमेस या सर्व गोष्टी जुळून आल्या. मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरांवर, अरबी समुद्रात, 1974 च्या फेब्रुवारीत ‘सागर सम्राट’ या जहाजाने खोदलेल्या विहिरीत तेल लागले. 1976 मध्ये उत्पादन सुरू झाले. येथील तेलाचा मुख्य साठा मायोसीन काळातील चुनखडकात आहे. तेल निपजले ते त्याहून जुन्या, आसपासच्या खोलगट भागांत गाडल्या गेलेल्या चिखलाच्या थरांत.

परंतु शंका येथेच संपत नाही. मुंबई हायच्या तळाशी असलेल्या प्राचीन कठीण खडकाच्या भेगांतही तेल सापडले आहे. मग ते पाताळातूनच वर आले नसेल काय? तेलाची उत्पत्ती सजीवांवाचून होते, असे मत मेंडेलेयेव्हसारख्या थोर रसायनशास्त्रज्ञानेही मांडले होते. थॉमस गोल्ड यांनी त्याच विचाराचा पाठपुरावा केला. त्यांच्या प्रेरणेने स्वीडनमधील सिल्यान येथे 1986 पासून ग्रॅनाइटमध्ये सहा किलोमीटरांहून खोल विवर खोदण्यात आले. व्यापारी प्रमाणात तेल मिळाले नाही. उलट तेलाने स्वतःच आपल्या कुळाची साक्ष दिली आहे. 1930 नंतरच्या दशकात आल्फ्रेड ट्राइब्स या जर्मन रसायनज्ञाला खनिज तेलात हरितद्रव्याशी नाते सांगणारे रेणू आढळले. मुंबई हायच्या तळखडकातील तेल हे तेथे जन्मलेले नव्हे. शेजारच्या गाळाच्या थरांतून ते भेगांत शिरलेले आहे. घर जुने, पण बिऱ्हाड नवे!

लालबागेच्या कातळाला असा शेजारच लाभला नाही. तो स्वतः भूगर्भात खोलवर, तेल टिकूच शकणार नाही अशा प्रखर उष्णतेत घडला. आणि तेल पुरविणारे गाळाचे जाड थर त्याच्या खाली नाहीत, भोवतालीही नाहीत. त्या भूमीखाली तेल नाही, ते याच कारणाने.

त्या कातळाच्या पायथ्यापलीकडे मात्र वाहनांची रांग अखंड धावत असते. जे तेल निपजावयास आणि साठावयास लक्षावधी वर्षे लागली, ते एका सकाळीत धूर होऊन जाते. कातळाच्या वयाशी ताडून पाहिले, तर तेलाचे सारे युग हे डोळ्याचे पाते लवण्याइतके आहे. तेल पुन्हा निपजेल, निसर्गाची ती रीतच आहे. पण ते भरून येईपर्यंत वाट पाहणे माणसाच्या आवाक्यातले नाही.