पासबुकातली जमा आणि मामंजींचा कर
(वर्धापनदिनी मंडळात केलेले भाषण)



चिटणीसबाई म्हणाल्या, "मामंजींच्या इन्कमटॅक्सचा घोळ तुम्ही निस्तरलात, तो सगळ्यांना सांगा." मी सातवी शिकलेली. भाषण मला येत नाही, घरचा हिशेब तेवढा येतो. तेव्हा घडले तसे सांगते.

मामंजी रेल्वेतून निवृत्त झालेले, वय ७१. २०२५ च्या जूनमध्ये, म्हणजे ३१ मार्चला संपलेल्या वर्षाचे विवरणपत्र भरायच्या वेळी, नणंदेचा मुलगा आला होता. त्याने आजोबांची पासबुके पुढ्यात घेतली, जमेच्या बाजूची बेरीज केली, ती फोनवर टाकली आणि म्हणाला, "आजोबा, सहासष्ट हजारांच्या वर कर बसतोय." पोराचा हेतू चांगला, घाई मात्र फार.

मामंजी गप्पच झाले. रात्री सासूबाईंना म्हणाले, "गुडघ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर बघू." ऑपरेशनसाठी बँकेत ठेवलेले ४ लाख फेब्रुवारीत मुदत संपून खात्यात आले होते. त्यातूनच कर भरायचा त्यांचा बेत. सासूबाई "बरं" एवढेच म्हणाल्या. भिंत धरून न्हाणीघरात जाणाऱ्या बाईचे ते "बरं" मला काही ऐकवेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी मागचे आवरून मी पासबुके घेऊन बसले. मुलाची बेरीज १०,९२,७०० होती. वर्षाची पेन्शन ५,४०,०००, पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक योजनेचे व्याज १,१०,७००, बँकेतल्या ठेवींचे व्याज ४२,०००. आणि चौथा आकडा ४,००,०००! अहो, ती तर आपलीच ठेव परत आलेली. पिंपातले तांदूळ डब्यात काढले म्हणून घरात तांदूळ वाढले का? कर लागतो तो व्याजावर, मुद्दलावर नव्हे.

मग पोस्टाचा आकडा मला खटकला. १५ लाखांवर ८.२ टक्के म्हणजे १,२३,००० यायला हवे होते. १२,३०० कमी का? तेवढा कर आधीच कापला गेला होता. मामंजींनी वर्षाच्या आरंभी १५ एच फॉर्म द्यायचा, तो दिला नव्हता. म्हणजे पासबुकात दिसते ती हातात पडलेली रक्कम. हिशेबात मात्र कापण्यापूर्वीची पुरी रक्कम धरायची, आणि कापलेला कर भरलेला म्हणून वजा मागायचा. तो २६ एएस नावाच्या उताऱ्यात दिसत होता. इथे मुलाचा आकडा उलट कमीच होता!

एवढे कागदावर मांडून मी मामंजींबरोबर करसल्लागारांकडे गेले. तिसरी चूक त्यांनी काढली. त्या वर्षी नव्या पद्धतीत पेन्शनमधून ७५,००० ची सरसकट वजावट मिळत होती. मुलाने पेन्शन 'इतर उत्पन्ना'च्या रकान्यात घातली होती, मग ती वजावट कोठून मिळणार? सगळे मिळून उत्पन्न ७,०५,०००. वजावट जाता ६,३०,०००. त्या वर्षी ७ लाखांच्या आत असणाऱ्याला पुरी सूट होती. कर शून्य, आणि कापलेले १२,३०० परत मिळायचे. पण कर शून्य म्हणून विवरणपत्र टाळायचे नाही. ते भरल्यावाचून परतावा येत नाही.

मी हे शेजारी सांगितले तेव्हा आपल्यातल्याच एक बाई म्हणाल्या, "आमच्याकडे नेमके उलटे झाले हो." त्यांच्या यजमानांची पेन्शन ६,६०,०००. पेन्शन देणाऱ्या बँकेने कर शून्य काढला, आणि तो तिच्यापुरता बरोबरच होता. पण दुसऱ्या दोन बँकांत मिळून २,४०,००० व्याज होते. तिथे यजमानांनी, आपल्याला कर नाही असे समजून, १५ एच देऊन टाकले, त्यामुळे काहीच कापले गेले नाही. सगळे एकत्र केल्यावर, वजावट जाऊन, ८,२५,००० झाले आणि ३३,८०० एकदम भरावे लागले. पेन्शनची बँक पेन्शन पाहते, ठेवीची बँक ठेव पाहते. बेरीज करायची ती आपल्याच घरात. तो फॉर्म तर एकूण कर खरोखर शून्य असेल तरच द्यायचा असतो. त्यातल्या त्यात बरे म्हणजे, धंद्याचे उत्पन्न नसलेल्या साठीपुढच्या माणसाला आगाऊ कर भरावा लागत नाही. मुदतीत भरला म्हणून त्यांना वर व्याज पडले नाही.

हे आकडे २०२४-२५ सालचे, बरे का. पुढच्याच वर्षी, २०२५-२६ ला, नव्या पद्धतीतली सूट १२ लाखांपर्यंत गेली. तेव्हा माझे आकडे उतरून घेऊ नका, त्या त्या वर्षाचे विचारून घ्या.

आमचा परतावा ऑगस्टमध्ये आला आणि सासूबाईंचे ऑपरेशन सप्टेंबरात झाले. त्या आज इथे तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत, जिना चढून आल्या आहेत. मामंजींनी एक वही घातली आहे, त्यात पेन्शन, व्याज आणि मुद्दल यांची तीन वेगळी पाने आहेत. नातवाला ती दाखवतात तेव्हा तो म्हणतो, "मामी, तुम्ही माझी लाज काढलीत." त्याला मी त्या दिवशी पुरणपोळी घातली होती, म्हणून रागावलेला नाही.